रिळावर माणूस उतरवण्याची शास्त्रोक्त पद्धत
(नांदेडच्या विष्णुपुरी परिसरासाठी सुधारित आवृत्ती)

मोबाईलवर फुकटात आणि लगेच निघणारा फोटो पैसे मोजून उशिरा कसा मिळवावा, याबद्दल जिज्ञासूंची वारंवार विचारणा होत नाही. तरीही जनहितार्थ ही पद्धत देत आहोत.

१. कॅमेरा. माळ्यावर बडोद्याचा आग्फा क्लिक-थ्री सापडला तर उत्तम. १२० च्या रिळावर तो बारा चौकोनी फोटो देतो. त्याचा फोकस हलत नाही. फार जवळ गेलात तर मामा धूसर आणि मामांमागचा गोठा लख्ख येईल. याशिका-मॅटवर फोकस आपल्या हाती असतो, म्हणजे दोषही आपल्याच माथी.

२. रीळ. नवं परवडत नसेल तर एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओत उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचं 'इंदू' उरलंय का पाहावं. मुदत उलटलेल्या रिळाला दर दहा वर्षांमागे दुप्पट उजेड द्यावा, असा ठोकताळा आहे. इथलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चं; त्याच साली मुदत संपलेलं रीळ आज आठपट उजेड मागेल. मे महिन्यात विष्णुपुरीत तेवढा सहज मिळतो.

३. जागा. काळेश्वर मंदिराच्या बाजूला, गोदेच्या काठी. भर दुपारी ४०० च्या रिळाला सोळाचं छिद्र आणि पाचशेचं शटर हा हिशोब अचूक जमतो. फक्त डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो आणि सज्जन माणूस फरारी दिसतो. लिंबाखाली बसवल्यास गालावर कवडसे पडून कोड उठल्यासारखं दिसतं. भिंतीची सलग सावली शोधावी.

४. माणूस. याशिका-मॅटच्या काचेत वरून पाहताना डावं-उजवं उलटं दिसतं. म्हणून "मामा, जरा डावीकडं सरका" म्हटल्यावर मामा बरोबर सरकले, तरी आपण त्यांच्यावर खेकसतो. खेकसू नये. मामा आता खांदे ताठ करून, श्वास कोंडून, आधार कार्डाचा चेहरा करून बसतील. खटका दाबू नये. उजेड मोजत राहावं, भिंग पुसावं, पुन्हा उजेड मोजावा. मामा कंटाळले तर सांगावं, की नांदेड निजामाच्या राज्यात होतं तेव्हा निजामाचे फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांनाही घाई चालत नसे, आणि १८९४ मध्ये त्यांना 'राजा बहादुर मुसव्विर जंग' असा किताब मिळाला. मामा किताबात रस घेणार नाहीत. ते श्वास सोडतील, टोपी मागे सरकवतील आणि विचारतील, "सोयाबीनचा भाव काय निघाला आज?" दाबा. या पुस्तिकेतली खरी विद्या एवढीच; बाकी सगळा खर्च आहे.

५. शंकासमाधान. "झालं?" "झालं." "मग दाखवा की." कॅमेऱ्याच्या पाठीवर लाल खिडकी असेल तर तीच दाखवावी. तिच्यात आकडा दिसतो. "सात नंबर आलाय, मामा." बहुतेकांचं समाधान होतं. आपला चेहरा कसा दिसतोय हे पाहायची सोय नसल्यानेच तो सांभाळायचा उद्योग ते सोडून देतात, हे मात्र त्यांना सांगू नये.

६. धुलाई. डेव्हलपर वीस अंशांवर हवा. शेजारी शंकरसागर जलाशय आहे. पण आपलं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं आणि उन्हाळ्यात त्यात चहापत्ती टाकणंच बाकी असतं. अशा पाण्यात रीळ घड्याळ बघायच्या आत काळं पडतं आणि त्याचा थर मऊ होऊन ओरखडतो. रसवंतीतून बर्फ आणावा, बाटल्या त्यात बुडवाव्यात, पारा उतरेपर्यंत थांबावं. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नये. रसातही कमी सांगावा.

७. वाटप. आपल्याकडे मोठा काळा-पांढरा फोटो हार घालण्यासाठीच असतो. मावशींच्या हातात तसा ठेवलात तर "काहून रे, एवढी घाई झाली का तुला?" हे ऐकून घ्यावं लागेल. म्हणून प्रत पोस्टकार्डाएवढीच काढावी. मावशींनी चार दिवसांनी स्वतःहून मोठी प्रत मागितली, तर फोटो जमला असं समजावं. चौकटीचे पैसे मात्र आधी घ्यावेत.