तीन युरोंचं स्क्रेपर आणि ते टाळण्याचे मार्ग

प्रस्तुत मार्गदर्शन ज्यांची गाडी रात्रभर रस्त्याच्या कडेला उभी असते, अशा वाहनधारकांसाठी आहे. ज्यांच्याकडे गॅरेज आहे त्यांनी हे वाचू नये. वाचलंच, तर सकाळी गॅरेजचं दार वर करताना आमच्याकडे बघून हात हलवू नये.

क्षेत्र : स्टुटगार्ट आणि पंचक्रोशी. हे शहर 1968 सालापासून मुंबईचं भगिनी-शहर आहे. मात्र मुंबईकराला थंडीचं जे ज्ञान असतं (पारा 16वर आला की कानटोपी शोधणे), ते या बहिणीच्या घरी उपयोगी पडत नाही. नोव्हेंबर ते मार्च सकाळी सातला खाली यावं, तर गाडी जागेवर असते पण काचा दिसत नाहीत. त्यांच्यावर पांढरा, खरखरीत, घट्ट चिकटलेला थर बसलेला असतो. तो काढायला सुपरमार्केटात प्लास्टिकचं स्क्रेपर मिळतं, किंमत साधारण तीन युरो. त्याने सगळ्या काचा साफ व्हायला दहा मिनिटं लागतात. खरं तर मार्गदर्शन इथेच संपतं. पण ते तीन युरो आणि झोपेची ती दहा मिनिटं वाचवण्यासाठी मराठी माणूस काय काय करू शकतो, हा विषय मोठा आहे आणि त्याकडे आजवर कुणी गांभीर्याने पाहिलेलं नाही.

आधी थोडं शास्त्र. मोबाइल 2 अंश दाखवतोय आणि काच मात्र गोठलीय, यावरून मोबाइलशी भांडू नये. तो हवेचं तापमान सांगत असतो. निरभ्र रात्री काच आणि टप आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकत राहतात, त्यामुळे भोवतालच्या हवेहूनही थंड होतात, आणि हवेतली वाफ त्यांच्यावर बर्फ होऊन बसते. आभाळ भरलेलं असलं की ढग गोधडीचं काम करतात आणि गाडी वाचते. तेव्हा डिसेंबरच्या रात्री खिडकीतून चांदणं बघून “काय सुंदर!” म्हणणारा माणूस बसने जाणारा असतो, असं खुशाल समजावं. वाहनधारक चांदणं बघतो आणि निमूट गजर अलीकडे घेतो.

यातूनच पहिला उपाय निघतो : गाडी आणि आकाश यांच्यामध्ये काहीतरी आणणे. झाड चालेल, एखाद्या इमारतीचा सज्जा असेल तर उत्तम. प्रत्येक गल्लीत अशी एक जागा असतेच, आणि ती शेजारच्या आजोबांच्या ओपेलची असते. कागदोपत्री नसते, तरी असते. दुसरा उपाय गाडीचं तोंड पूर्वेला करून लावण्याचा, म्हणजे सूर्य वर आला की काच आपोआप मोकळी होते. डिसेंबरात इथे सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि ऑफिसातली पहिली बैठक आठला असते. उपाय मात्र पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे.

मोटारगाडीचा जन्म याच मुलखातला. कार्ल बेंझ यांनी मानहाइममध्ये पेटंटचा अर्ज केला तो 29 जानेवारी 1886 रोजी, ऐन थंडीत. पण त्यांच्या तीनचाकीला पुढची काचच नव्हती, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या ध्यानात आला नसावा. त्या गाडीचा पहिला लांबचा प्रवास केला त्यांच्या पत्नीने. 1888मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून थेट फोर्त्सहाइमला माहेरी गेल्या. महिना ऑगस्ट. बाईंच्या धाडसाबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, महिन्याच्या निवडीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. काचेचा विचार पुढे अमेरिकेत मेरी अँडरसन यांनी केला. न्यूयॉर्कच्या बर्फात ट्रामवाल्याची चाललेली तारांबळ पाहून त्यांना वायपर सुचला आणि 1903मध्ये त्याचं पेटंट मिळालं. म्हणजे या विषयातलं शहाणपण आजवर बायकांनीच दाखवलंय. पुरुषांनी शोधलेले मार्ग पुढे येत आहेत.

पूर्वतयारी दसऱ्याला करावी. हिवाळी टायर ‘ओ ते ओ’, म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजेच ईस्टर, असे वापरायचे असं जर्मन लोक घोकतात. आपण ते ‘दसरा ते गुढीपाडवा’ असं पाठ करावं. तिथी चार-दोन आठवडे मागेपुढे होतात, पण आपलं पंचांग आणि जर्मन शिस्त इतकी जवळ दुसऱ्या कुठल्याही बाबतीत येत नाहीत. दसऱ्याला गाडीला हार घालायचाच असतो, तो नव्या टायरांसकट घालावा. कायद्यात तारीख नाही. रस्त्यावर बर्फ, गोठलेलं दव किंवा बर्फाचा चिखल असेल तर हिवाळी टायर हवेत, एवढंच आहे. नसतील तर 60 युरो दंड आणि लायसन्सच्या खात्यावर एक पॉइंट. टायरच्या अंगावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र हवं. नुसती ‘एम अधिक एस’ ही अक्षरं सप्टेंबर 2024नंतर चालत नाहीत. या सुमारास बाबा पुण्याहून आलेले असतील तर ते टायरवर नखाने टिचकी मारून म्हणतील, “अरे, चांगले तर आहेत! बदलतोस कशाला?” त्यांना डोंगराचं चित्र दाखवू नये. “मग त्याच टायरवर चित्र काढून घे,” असं उत्तर येण्याची शक्यता असते.

हवा मात्र त्यांच्याकडून तपासून घ्यावी. पारा 10 अंश उतरला की टायरमधला दाब साधारण 0.1 बारने कमी होतो, आणि पेट्रोल पंपावर मापाचं यंत्र हातात धरून उभं राहण्यात त्यांना जो आनंद होतो तो राजवाडे दाखवूनही होत नाही.

आता निषिद्ध मार्ग. हे वाचकाने आधीच करून पाहिलेले असतील, तरी नोंद राहावी म्हणून देत आहोत.

उकळत्या पाण्याची किटली. आई घरात असेल तर ती वरून हाक मारतेच, “मी आधण ठेवते, तू काच धुऊन टाक.” थंडगार काचेवर कढत पाणी पडलं की काच एका जागी एकदम प्रसरण पावते आणि तडकू शकते, विशेषतः आधी खडा लागून बारीक टवका उडालेला असेल तर. तडकली नाही तर पाणी निथळून गाडीभोवती पसरतं, गोठतं, आणि मग आपण त्यावरून घसरतो. आधण ठेवू द्यावं. त्याचा चहा करावा.

सोलापुरी चादर. परदेशी आलेल्या प्रत्येक घरात एक तरी असते, आणि रात्री ती काचेवर पसरण्याची कल्पना प्रत्येक घरात स्वतंत्रपणे सुचते. तत्त्व बरोबर आहे, आकाश झाकलं जातं. पण चादर सुती, ती दमट हवेत ओल धरते आणि पहाटे काचेलाच चिकटून बसते. मग भर रस्त्यात, लाल-निळ्या फुलांची, फळीसारखी ताठ झालेली ती चादर उपसणारा माणूस जर्मन मुलं शाळेत जाताना थांबून पाहतात. दुकानात यासाठी पाणी न धरणारं आवरण मिळतं, तेही दोन्ही दारांत अडकवता येतं. पण त्याला दहा युरो पडतात आणि प्रश्न पुन्हा मूळ पदावर येतो.

बँकेचं कार्ड. हा मार्ग उच्चशिक्षितांमध्ये लोकप्रिय आहे. कार्डाची कड दोन-तीन फटक्यांत खचते आणि पुढे ते कुठल्याच यंत्रात जात नाही. कार्डच वापरायचं असेल तर मुदत संपलेलं वापरावं. स्वयंपाकघरातलं लोखंडी उलथनं अजिबात नाही. बर्फ निघतो, पण त्याबरोबर काचेवर जी नक्षी उमटते ती उन्हाळ्यातही दिसते.

इंजिन चालू ठेवून वर चहा प्यायला जाणे. भारतात याला गाडी गरम करणं म्हणतात. इथे याला नियमभंग म्हणतात, दंड 80 युरो. शिवाय जागेवर उभ्या गाडीचं इंजिन तापतंही सावकाश. शेजारी वर्षभर “मॉर्गन”पलीकडे एक शब्द बोलणार नाही, पण आपलं इंजिन रिकामं घुमत असेल तर तो आवर्जून खाली उतरून पर्यावरणावर बोलेल. काही जण मग घाईने चालकासमोर पोळीएवढं भोक खरवडून निघतात. त्याला 10 युरो दंड आहे. वाचकाने पाहिलं असेलच की आतापर्यंतचा प्रत्येक मार्ग तीन युरोंपेक्षा महाग पडलेला आहे.

काच आतूनही गोठते. आदल्या रात्री ओले बूट, मुलांचे श्वास आणि सांडलेला चहा गाडीतच राहिलेला असतो, त्याची वाफ रात्री काचेवर बसते. अशा वेळी आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा घ्यावी आणि एसी लावावा. “थंडीत एसी?” हा प्रश्न मागच्या सीटवरून येईल. एसी हवा कोरडी करतो, हे एकदाच शांतपणे सांगावं. मात्र शून्याच्या आसपास पुष्कळ गाड्यांत त्याचा कंप्रेसर सुरूच होत नाही. तेव्हा खिडकी बोटभर उघडून, सगळ्यांची बोलणी खात निघावं.

दारांच्या रबरी पट्ट्या गोठून दार चिकटतं, यासाठी पट्टीला काहीतरी स्निग्ध लावावं असं सांगतात. हे ऐकताच मराठी हात खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं. ते या घरात सप्टेंबरपासून थिजलेलंच आहे. सिलिकॉनची कांडी मिळते, ती आणावी. कुलपासाठी बर्फ विरघळवणारा फवाराही मिळतो. तो गाडीत ठेवायचा नाही, हे सांगावं लागू नये, पण दुकानदार सांगतात, यावरून काय ते समजावं.

वायपरचं बटण रात्रीच बंद करून ठेवावं. पावसाचा सेन्सर असलेल्या गाडीत सकाळी चावी फिरवताच वायपर उत्साहाने उठू पाहतात, बर्फात अडकतात आणि त्यांची मोटर जळू शकते. काच धुण्याच्या टाकीत नुसतं पाणी नसावं. इथे उणे 20पर्यंत न गोठणारं निळं द्रव मिळतं, त्याला वास येतो, तो सहन करावा.

आणि बॅटरी. थंडीत तिचा जोर बराच उतरतो, इंजिनातलं तेल मात्र घट्ट होऊन तिच्याकडून जास्त मागतं. सेल्फ मारला की गाडी कण्हते आणि गप्प होते. धक्का मारून चालू करण्याचा विचार ऑटोमॅटिक गाडीत सोडून द्यावा. जंप केबल काढावी. लाल वायर आधी बसलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचं शेवटचं टोक आपल्या गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीला नाही. यासाठी दुसरी गाडी लागते, म्हणजे ओपेलवाल्या आजोबांचं दार वाजवावं लागतं. ते लगेच येतात, केबल आपल्या हातातून काढून घेतात, सगळं स्वतः जोडतात. आपली काच बघतात. काही बोलत नाहीत. मग स्वतःच्या डिकीतून एक स्क्रेपर काढून आपल्या हातात देतात. ते परत करू गेल्यास घेत नाहीत.

विजेच्या गाडीवाल्यांसाठी स्वतंत्र सूचना नाहीत. ते पांघरुणातूनच मोबाइलवर बटण दाबून गाडी गरम करतात आणि दिवसभर तेच सांगत राहतात.

पाडव्याला टायर उतरवावेत, पण स्क्रेपर तळघरात टाकू नये. 11 ते 15 मे हे इथे बर्फाच्या संतांचे दिवस मानतात. शेवटच्या दिवशी थंड सोफी येते, आणि ती येऊन गेल्याखेरीज माळीसुद्धा टोमॅटोची रोपं बाहेर काढत नाही. त्या आठवड्यात एखाद्या सकाळी आपण खाली काच खरवडत असताना नागपूरहून मावशीचा फोन येईल. तिकडे 44 अंश आहेत, कूलरचं पाणी संपलंय, सगळे हैराण आहेत, हे ती सविस्तर सांगेल. ऐकून घ्यावं, आणि खर्रर्र आवाज कसला येतोय असं तिने विचारलं, तर रेंज जातेय म्हणावं.