बोलका, पण ठार बहिरा

२००१ नंतर अफगाणिस्तानात उतरलेल्या अमेरिकी सैनिकांच्या हाती ‘फ्रेजलेटर’ नावाचं छोटं यंत्र आलं. पैसा दार्पा या अमेरिकी संरक्षण-संशोधन संस्थेचा. सैनिकाने इंग्रजीत बोलायचं. यंत्र ते ओळखणार आणि आधीच ध्वनिमुद्रित केलेलं पश्तो किंवा दरी वाक्य ऐकवणार. आवाज खऱ्या माणसाचा, उच्चार अस्सल.

ते ऐकून समोरचा म्हातारा खुलला आणि घडाघडा बोलू लागला, की यंत्र ढिम्म! उत्तर समजून घ्यायची सोयच त्यात नव्हती. म्हणून प्रश्नच असे बेतायचे, की नुसती मान हलवून किंवा बोट दाखवून भागावं.

साहेबी संवादाची रीत तशी जुनीच. आता तिला बॅटरी लागली, एवढंच.

समोरच्याचंही ऐकून घेण्यासाठी दार्पाने पुढे वेगळा प्रकल्प काढला: ट्रान्सटॅक.