उरलासुरला निळा

इंदूरच्या माणसाला कचऱ्याबद्दल कोणी काही शिकवू नये. २०१७ साली देशातल्या सर्वांत स्वच्छ शहराचा मान आमच्या गावाने मिळवला, आणि तेव्हापासून इथली पोरंटोरंही चॉकलेटचा कागद हातात धरून 'हा कोणत्या डब्यात?' असं विचारतात. सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या गाडीला वेगवेगळे कप्पे असतात: ओल्याचा वेगळा, सुक्याचा वेगळा, प्लास्टिकचा वेगळा, घातक वस्तूंचा वेगळा. जगातली प्रत्येक वस्तू यांपैकी कुठेतरी बसतेच, अशी आमची श्रद्धा.

ही श्रद्धा डळमळते ती पॅलेटवर उरलेल्या अल्ट्रामरीन निळ्यापाशी. रात्री तो ओला असतो. गाडी येईपर्यंत सुका होतो. ॲक्रिलिक असला तर वाळून चक्क प्लास्टिक होतो. आणि शेजारी कॅडमियमचा पिवळा सांडलेला असला, तर दोघांची रवानगी घातक कप्प्यात. गाडीवरच्या भियाला हे सगळं समजावून सांगेपर्यंत गाणं पुढच्या गल्लीत पोचलेलं असतं. त्यापेक्षा रंग न टाकलेला बरा.

तसंही आमच्या घरात कोणी काही टाकत नाही. ह्यांची सारी नोकरी बँकेत शिल्लक जुळवण्यात गेली. आता निवृत्तीनंतर जुळवायला शिल्लक उरली नाही, म्हणून ते माझ्या पॅलेटवरची मोजतात. "अगं, एवढा निळा उरलाय. आभाळ जरा मोठं काढ ना!" माझ्या कित्येक निसर्गचित्रांत जमीन चार बोटं आणि आभाळ हातभर असतं, त्यामागे ही आर्थिक शिस्त आहे. बघणारे त्याला शैली म्हणतात. मी नाही म्हणत नाही.

रंग साठवायचा तर तो कशाने वाळतो हे आधी कळलं पाहिजे. प्रत्येक जातीचं मरण निराळं. तैलरंगात पाणी नसतंच, त्यामुळे ते उडून जायचा प्रश्नच नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होतं आणि या व्यवहारात त्याचं वजन वाढतं. वाळता वाळता वजन वाढणं म्हणजे एकादशीचा साबुदाणाच! म्हणून तैलरंग वाचवायचा तर त्याला हवेपासून दूर आणि थंडीत ठेवायचं. पॅलेटवर चिकटफिल्म ताणून बसवावी किंवा रंगाचे गोळे काचेच्या पट्टीवर काढून घट्ट झाकणाच्या डब्यात घालावेत, आणि डबा सरळ फ्रीझरमध्ये. घरच्या फ्रीझरमध्ये हे तेल दगडासारखं गोठत नाही, नुसतं सुस्तावतं. बाहेर काढून थोडा वेळ ठेवलं की रंग पुन्हा कामाला हजर. पण सगळे सारख्या स्वभावाचे नाहीत. बर्न्ट अंबर त्यातल्या मँगनीजमुळे भराभर वाळतो, तर आयव्हरी ब्लॅक कित्येक दिवस ओला बसून राहतो. म्हणून आधी अंबरची सोय करावी, काळ्याची घाई नसते.

लवंगेच्या तेलाचा थेंबही वाळणं लांबवतो. बाटली घरात असतेच, दाढदुखीसाठी आणलेली. मात्र थेंब म्हणजे थेंब. हात सैल सुटला तर चित्र पुढच्या दिवाळीपर्यंत बोटाला लागत राहतं, आणि घरात कोणाची तरी दाढ नेमकी त्याच रात्री ठणकते.

फ्रीझरचा मार्ग शास्त्रशुद्ध असला तरी तो स्वयंपाकघरातून जातो. माझ्या डब्यातला हिरवट पिवळा पाहून सासूबाईंनी विचारलं, "कैरीचं पन्हं एवढं घट्ट का गं केलंस?" प्रश्न प्रेमाचा होता, पण हातात चमचा होता. त्या दिवशी ह्यांनी डब्यावर लाल अक्षरांत 'विष' असं लिहिलं. परिणाम असा झाला, की कामाला येणाऱ्या ताईंनी फ्रिज पुसणंच सोडलं. विनोद सोडा, पण कॅडमियम, कोबाल्ट असली मंडळी अन्नाच्या आसपास नकोतच. डबा वेगळा, त्याला बाहेरून पिशवी, आणि लहान मुलांचा हात पोचणार नाही असा कप्पा, एवढं पाळावंच लागतं.

ॲक्रिलिकला यातलं काही लागू नाही. त्यातलं पाणी उडालं की प्लास्टिकचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, ते कायमचे. मग गरम पाणी ओता नाहीतर नवस बोला, रंग परत येत नाही. फ्रीझर तर त्याचा शत्रूच, गोठला की तो फाटतो. त्याला ओली गादी लागते. पसरट डब्यात भिजवलेला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग, वर घट्ट झाकण. खालून ओल मिळत राहते आणि रंग काही दिवस ताजा राहतो. इंदुरात या कामाच्या डब्यांना तोटा नाही. प्रत्येक घरात शेव-मिठाईच्या रिकाम्या डब्यांची एक उतरंड असतेच. स्पंजचं पाणी मात्र बदलत राहावं. विसरलं तर डब्याला असा वास सुटतो, की 'विष' लिहायची गरज उरत नाही.

जलरंग सगळ्यांत गुणी. तो बांधलेला असतो डिंकात, त्यामुळे वाळला तरी रुसत नाही. पाण्याचे दोन थेंब पडले की उठून बसतो. त्याला भीती फक्त पावसाळ्याची. ओली पेटी झाकण लावून ठेवली की श्रावणात तिच्यावर पांढरी लव उगवते. पेटी उघडी ठेवून आधी नीट सुकू द्यावी, मग मिटावी. आमच्या पिढीचा पहिला रंग म्हणजे कॅमलची पेटी. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या उद्योगाची ही देणगी. तिच्यातल्या कोरड्या वड्यांवर किती मराठी मुलांनी ब्रश घासला असेल! पिवळी वडी सगळ्यांत आधी संपायची आणि पांढरी राखाडी व्हायची, हा अखिल भारतीय नियम.

ट्यूब ही त्या मानाने अलीकडची चैन. जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकी चित्रकाराने १८४१ साली तिचं पेटंट घेतलं. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयात भरून ठेवत आणि टोचून बाहेर काढत. ह्यांना हे सांगितल्यापासून ट्यूबच्या किमतीबद्दल तक्रार थोडी कमी झाली आहे. ट्यूब बुडाकडून दाबत यावी, आटे पुसून मगच टोपण लावावं, आणि बसलेलं टोपण पकडीने न पिळता गरम पाण्यात धरावं. पकडीने टोपण जागेवर राहतं आणि ट्यूब फिरते.

जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांबद्दल मात्र थट्टा नको. बोळा करून टाकल्या तर आतल्या आत तापून त्या आपोआप पेट घेऊ शकतात, आणि आमच्याकडचा मे महिना त्यांना मदतच करतो. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या आणि झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.

एवढी काटकसर करावी ती कोणत्या गावात? रंगपंचमीला राजवाड्यासमोरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा टँकरच्या टँकर रंग मजल्यांएवढा उंच उडतो. तिथे ह्यांनाही शिल्लक आठवत नाही. पण याच गावात १९२७ साली चित्रकार देवळालीकरांनी चित्रशाळा काढली, इथेच बेंद्रे शिकले, हुसेन आले, आणि इथेच विष्णू चिंचाळकर गुरुजींनी वाळक्या पानांतून, काटक्यांतून, मोडक्या वस्तूंतून माणसं आणि पाखरं उभी केली. त्यामुळे वाळलेल्या ॲक्रिलिकच्या खपल्याही मी जपून ठेवते. कोलाजात चिकटवल्या की छान दिसतात. ह्यांनी या खपल्यांसाठी वेगळं खातं उघडलं आहे.

तरी एवढे डबे, फिल्मा, स्पंज आणि लवंगतेल सांभाळल्यावर माझं मत असं झालं आहे, की रंग वाचवायची खरी युक्ती त्याला डब्यात घालण्याआधीची आहे. ट्यूबमधून मटारच्या दाण्याएवढाच रंग काढावा, लागला तर पुन्हा काढावा. आणि उरलाच, तर कितीही नीट झाकला तरी दुसऱ्या दिवशी चित्राला बसावं. रंग बहुतेक वेळा हवेने वाळत नाहीत, आपण 'रविवारी बघू' म्हणतो म्हणून वाळतात. तेव्हा वाचकहो, आज फ्रीझर उघडा, डबा काढा. आभाळ हातभर झालं तरी चालेल.