सोंग नको, शोकांतिकाही नको

मराठी प्रेक्षकाला साडी नेसलेला पुरुष नवा नाही. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व नावाचा गायक नट शालू नेसून रंगमंचावर आला की थिएटर भारून जायचं आणि त्याची नेसण्याची, गजरा माळण्याची ढब घरंदाज बायका उचलायच्या. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन भव्य चित्रं आहेत. एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीवेषातलं. दोन्ही आपल्याला सारख्याच अभिमानाची वाटतात, आणि वाटायलाच हवीत.

पण आजचं एखादं लेकरू त्याच शहरात घरच्यांसमोर उभं राहून म्हणतं, ‘ही भूमिका नाही, ही मीच आहे.’ तिथे हा अभिमान कुठे जातो?

मला यावर एकच गोष्ट ठणकावून सांगायची आहे. मराठी नाटक-सिनेमाने अशा माणसांसाठी बराच काळ दोनच जागा ठेवल्या. एक सोंगाची, दुसरी सरणाची. सोंग असेल तर टाळ्या, मेलं तर हळहळ. सोंगही न घेणारा आणि मरायलाही तयार नसलेला माणूस आपल्या गोष्टींत फारसा नव्हताच. आज त्याला आणताहेत ते तो अनुभव जगलेले कलावंत, आणि म्हणून त्यांचं काम मला आजच्या मराठीतलं सगळ्यांत महत्त्वाचं काम वाटतं.

तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आलं १९८१ साली. स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा देव त्यांनी नाटकाच्या मध्यभागी आणली आणि रोहिणी हट्टंगडींनी ती उभी केली. त्या काळी हे करायला छाती लागली असणार. तेंडुलकरांचं हे ऋण मी मानतो. पण मित्रा शेवटी जीव देते. ती मेली म्हणून प्रेक्षकाला तिची दया करता आली. ती जगली असती, नोकरीला लागली असती, प्रेयसीबरोबर खोली शोधत फिरली असती, तर आपण काय केलं असतं हा प्रश्न नाटक संपताना विचारायचा राहून गेला.

मग ‘नटरंग’. आनंद यादवांची कादंबरी, रवी जाधवांचा सिनेमा, अतुल कुलकर्णींनी जीव ओतून केलेला गुणा. पिळदार अंगाचा मजूर तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो आणि गावाची टिंगल, अत्याचार, घराची फारकत सगळं सोसतो. सिनेमा मला आवडतो. तरीही मनात एक सल राहतो. गुणासाठी आपण रडतो, कारण तो ‘खरा मर्द’ असूनही त्याला बायकी व्हावं लागलं. त्याच्या जागी असा कुणी असता ज्याला काही व्हावं लागलंच नसतं, जो तसाच होता, तर तेवढेच अश्रू आले असते का? ‘जोगवा’चं प्रकरण वेगळं आहे. तायप्पाला साडी नेसवली जाते ती रूढीने, त्याच्या मनाविरुद्ध, आणि उपेंद्र लिमयेंनी ती घुसमट अशी दाखवली की राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्याकडे चालत आला. लादलेली ओळख फेकून देण्याची ती गोष्ट आहे आणि ती सांगायलाच हवी होती. पण आपण होऊन स्वीकारलेल्या ओळखीची गोष्ट तिच्यामुळे सांगून झाली, असं कुणी समजू नये.

आता या ‘साबर बोंडं’कडे. रोहन परशुराम कानवडे हा मुंबईच्या झोपडपट्टीत वाढलेला, ड्रायव्हरचा मुलगा. त्याचा हा पहिला मोठा चित्रपट २०२५च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. सनडान्सला पोचलेला हा पहिला मराठी चित्रपट. पारितोषिकाचा आनंद आहेच, पण माझं मन अडकलं ते त्याने निवडलेल्या जागेत. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी गावी जातो. घरात सुतक, पाव्हण्यारावळ्यांची वर्दळ, ‘आता तरी लग्नाचं बघ’ हा धोशा. आणि तिथे भेटतो लहानपणचा मित्र बाळ्या, शेळ्या राखणारा, शेतात राबणारा. सुतक बापाचं आहे, प्रेमाचं नाही, एवढं हा सिनेमा शांतपणे दाखवून देतो. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही, कुणी भाषण ठोकत नाही. आणि आनंदची आई जयश्री जगताप यांनी अशी साकारली आहे की ‘आपल्याकडच्या अडाणी आयांना हे कळायचं नाही’ असं म्हणणाऱ्या शिकल्यासवरल्यांनी ती मुकाट बघावी.

हे शहरातलं फॅड आहे, परदेशातून आलं आहे, इंग्रजी बोलणाऱ्यांचे चोचले आहेत, असं अजूनही बोललं जातं. या मंडळींनी कानवडेंचा आधीचा लघुपटही शोधून पाहावा. ‘उ उषाचा’, २०१९चा. त्यातली उषा शेतमजूर आहे, निरक्षर आहे, एकटीने पोरं वाढवते, आणि प्राथमिक शाळेतल्या बाईंकडे तिचं मन ओढ घेतं. त्या ओढीपायी ती अक्षरं गिरवायला लागते. तिच्याकडे ना पुणेरी इंग्रजी आहे ना मुंबईचा पब. तिच्याकडे पाटी आहे.

आईचा विषय निघालाच आहे म्हणून चेतन दातारांचं ‘एक माधवबाग’. मुलगा समलिंगी असल्याचं कळल्यावर आईचं काय होतं, हे सांगणारा एकपात्री प्रयोग. दातार २००८मध्ये गेले, पण मोना आंबेगावकर तो पुढेही करत राहिल्या. त्यात मुलगा मरत नाही, मोडते ती आईची समजूत. हा प्रयोग गावोगावच्या महिला मंडळांत व्हायला हवा. हळदीकुंकवाला करा. मी अगदी मनापासून सांगतो आहे.

सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’नेही कुणाला सरणावर चढवलं नव्हतं. २००६ची कादंबरी. बहीण आणि भाऊ दोघंही घरात राहायला आलेल्या एकाच पाहुण्या तरुणाच्या प्रेमात पडतात आणि तो निघून गेल्यावर उरलेलं आयुष्य आपापल्या परीने निस्तरतात. मराठी मध्यमवर्गीय घराची इतकी नेमकी नाडी क्वचित सापडते. तिचा सिनेमा झाला २०२२मध्ये, खुद्द कुंडलकरांनीच केला. तो हिंदी-इंग्रजीत आहे आणि घडतो कोचीत. लेखकाने कुठे आणि कोणत्या भाषेत सिनेमा करावा हा त्याचा हक्क. पण मराठी घराची ही गोष्ट पडद्यावर मराठीत आलेली नाही, ही उणीव मला टोचते आणि टोचत राहणार.

लावणीत तर सोंग की ओळख हा प्रश्न रोज घुंगरू बांधून उभा असतो. ‘बिन बायकांचा तमाशा’मध्ये पुरुष कलाकारांनी लावणी केली आणि तिथून पुढे कितीतरी मुलं या कलेत आली. अदा, पदन्यास, नजरेचं काम, नऊवारीचा भार सांभाळत घेतलेली गिरकी, यातलं काहीच सोपं नाही. त्यांतल्या काहींसाठी ती निव्वळ भूमिका आहे आणि कार्यक्रम संपला की ते पँट-शर्ट चढवून लोकल पकडतात. काहींसाठी तेवढाच वेळ स्वतःचा असतो, उरलेला सगळा दिवस सोंगाचा. दोघंही तितकेच कलावंत आहेत. निवेदकाने त्यांची ओळख करून देताना चावट कोटी करून हशा मिळवण्याची सवय तेवढी आजपासून बंद करावी.

आणि दिशा पिंकी शेख. ‘कुरूप’ या कवितासंग्रहाची ही कवयित्री. तृतीयपंथी माणसाबद्दल इतरांनी लिहिलेलं आपण पुष्कळ वाचलं. त्यात कणव असते, कुतूहल असतं, कधी नुसता चवीचा भाग असतो. दिशा लिहिते तेव्हा रस्त्यावर, बाजारात, घरात रोखलेल्या नजरा उलट्या फिरतात आणि बघणाऱ्यावर येतात. तिच्या शब्दांत दयेची मागणी नाही. तिची जागा ‘सामाजिक जाणिवांच्या’ परिसंवादात एखादी खुर्ची देऊन भरणारी नव्हे. तिला कविसंमेलनात कवी म्हणून बोलवा, कवी म्हणून मानधन द्या आणि कवितेवर बोला.

राहिला भूमिकांचा प्रश्न. २०२३मध्ये ‘ताली’ ही वेबमालिका आली. गौरी सावंत या आपल्या मराठी पारलिंगी कार्यकर्तीची कहाणी, दिग्दर्शक रवी जाधव, मुख्य भूमिकेत सुश्मिता सेन. त्यावरून वाद झाला तेव्हा उत्तर मिळालं की नटाला कोणतीही भूमिका करता आली पाहिजे. अगदी मान्य. परकायाप्रवेश हाच अभिनयाचा धर्म आहे आणि बालगंधर्वांच्या महाराष्ट्राने तो नाकारू नये. पण मग हा नियम दोन्हीकडून चालू द्या. पारलिंगी नटीला फक्त पारलिंगी भूमिका, तीही एखाद्या भागापुरती, टाळी वाजवून आशीर्वाद देण्यापुरती, असं का? तिला डॉक्टर करा, सासू करा, वकील करा. पुढच्या मालिकेतली बँकेची मॅनेजर तिला द्या, आणि शेवटच्या भागापर्यंत तिच्याशी फक्त कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोला.