एकसष्टीपर्यंत वेळ आहे

कोल्हापुरात पैलवान, गुळाचे अडते आणि होऊ घातलेले कादंबरीकार यांना कधीच तोटा पडला नाही. पैलवानाला निदान मातीत उतरावं लागतं. कादंबरीकार मात्र काहीही न करता पेठभर ओळखला जातो. आमच्या पेठेतल्या अशा गृहस्थांना सगळे ‘लेखकराव’ म्हणतात आणि तेही त्या हाकेला खुशाल ओ देतात. कट्ट्यावरनं कुणी विचारतं, “काय लेखकराव, कुठवर आली?” उत्तर ठरलेलं : “मनात पूर्ण झालीय. फक्त प्रेरणा यायची राह्यलीय.”

बाकीची तयारी चोख आहे. महाद्वार रोडवरनं आणलेल्या जाड पुठ्ठ्याच्या वह्या आहेत, पहिल्या पानावर ‘श्री अंबाबाई प्रसन्न’ आहे, ऋणनिर्देश आहे आणि अर्पणपत्रिकाही आहे. ती मूळ वडिलांना होती. वाटणीचा वाद झाला तेव्हा आईला गेली, लग्नानंतर बायकोला आणि मेहुण्यानं उसने पैसे बुडवल्यावर ‘निसर्गाला’. एवढ्या वर्षांत लेखकरावांनी पुन्हा पुन्हा खोडून लिहिलेलं पान हे एकच.

विषय ऐतिहासिक की पौराणिक, याचा निकाल लागत नाही. तक्रार अशी, की चांगली माणसं आधीच उचलली गेली. “ययाती खांडेकरांनी नेला. माधवराव पेशवे रणजित देसायांनी नेले, शिवाजी महाराजही त्यांनीच. संभाजी महाराज शिवाजी सावंतांकडं. कर्ण तर दोघांनी वाटून घेतला, ‘मृत्युंजय’ एकाचा आणि ‘राधेय’ दुसऱ्याचा. कृष्ण तेवढा मोकळा होता, त्याच्यावर सावंतांचं ‘युगंधर’ आलं. आता आमच्या वाट्याला कोण, शकुनी?” यावर वहिनी आतनं म्हणाल्या, “मग माझ्या भावाला विचारा, माहिती द्यायला तो आहेच की.”

लेखकरावांची श्रद्धा अशी, की प्रेरणा ही जागेत असते. मोठे लेखक जिथं राहिले तिथं ती थोडीफार सांडलेली असणार, आपण जाऊन वेचायची. म्हणून ते आजऱ्याला गेले, सावंतांचं गाव म्हणून. येताना घनसाळ तांदूळ आणला. देसायांसाठी चंदगड तालुक्यात कोवाडला गेले, ताम्रपर्णीच्या काठावर बसून आले आणि पिशवीत काजू घेऊन आले. शंकर पाटलांच्या पट्टणकोडोलीला नेमके विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत पोचले आणि नखशिखांत भंडाऱ्यानं पिवळे होऊन परतले. ते धोतर अजून पिवळं आहे. कागलला आनंद यादवांसाठी गेले, पण तिथं पाहुणे भेटल्यामुळं जेवणच लांबलं. एकंदरीत मराठी साहित्यानं त्या घराची वाणसामानाची बाजू बरी सांभाळली, असं वहिनी मान्य करतात.

पन्हाळ्यावर ते दरवर्षी खोली घेतात. मोरोपंतांचा जन्म तिथला, 1729 चा, एवढा आधार त्यांना पुरतो. पावसाळी धुक्यात हातभर अंतरावरचं दिसत नाही आणि न दिसलं की आतलं दिसतं, असा त्यांचा सिद्धांत. झुणका-भाकर आणि दही खाल्ल्यावर आतलंही दिसेनासं होतं, डोळा लागतो.

खांडेकरांवर तर त्यांची भक्तीच. शिवाजी विद्यापीठातल्या खांडेकरांच्या संग्रहालयात ते अधूनमधून जातात आणि काचेसमोर डोळे मिटून उभे राहतात. आता खांडेकरांची खरी हकीकत या भक्तीला फारशी सोयीची नाही. माणूस शिरोड्याच्या शाळेत 1920 पासून 18 वर्षं मुलांना शिकवत होता, पगार तुटपुंजा आणि प्रकृती तोळामासा. मास्टर विनायकांसाठी ‘छाया’ची कथा त्यांनी लिहिली तीही शाळा सांभाळूनच. तो चित्रपट 1936 चा. मग कोल्हापुरात येऊन सिनेमासाठी लिहिलं. निर्माता काही प्रेरणेची वाट बघत स्टुडिओचं भाडं भरत बसत नाही. पुढं दृष्टी गेल्यावरही ते दुसऱ्याला सांगून लिहवून घेत राहिले. सावंतही इथल्या राजाराम हायस्कूलमध्ये नोकरी करत होते. हे मी एकदा लेखकरावांना ऐकवलं. ते म्हणाले, “नोकरी तर मीही केली. त्या बाबतीत आमचं सारखंच.”

केली होती हे खरं. एका पतसंस्थेत कर्जाचे अर्ज तपासायचं काम. त्या अर्जात ‘कर्जाचे कारण’ असा रकाना असतो. एका शेतकऱ्यानं कारण लिहिलं ‘मुलीचे लग्न’ आणि पैसे घेऊन म्हैस आणली. मुलगी अजून आठवीत होती. म्हशीच्या दुधावर हप्ते फिटले. मुलगी लग्नाची झाली तेव्हा बाबा पुन्हा आला, कारण लिहिलं ‘म्हैस खरेदी’ आणि त्यातनं लग्न लावलं. जामीन दोन्ही वेळी एकच, तोच पुढं व्याही झाला. मी असतो तर तिथल्या तिथं अर्जाच्या पाठकोऱ्या बाजूवर पहिलं प्रकरण सुरू केलं असतं. लेखकरावांनी लाल शाईनं ‘कारण विसंगत’ असा शेरा मारला आणि साडेपाचला रंकाळ्यावर गेले, प्रेरणा शोधायला.

रंकाळ्यावर त्यांची जागा ठरलेली. तोंड संध्यामठाकडं, पाठ भेळेच्या गाड्यांकडं. पाठीमागं दोन बहिणी आईच्या दवाखान्याच्या बिलावरनं भांडत असतील, एखादा म्हातारा फोनवर पोराला ‘पैसे नकोत, तू ये’ म्हणत असेल, तर हे वळून म्हणणार, “जरा हळू बोला की राव, चिंतन चाललंय.”

2019 च्या ऑगस्टात पंचगंगा शहरात शिरली. महामार्ग बंद, निम्मं गाव नातेवाइकांकडं. लेखकरावांना स्वतःला पहिल्या मजल्यावरनं होडीत उतरवलं, छातीशी वह्यांचं गाठोडं. कट्ट्यावरचे म्हणाले, “भावा, आता तर विषय दारातनं आत आलाय, लिही!” ते म्हणाले, “अनुभव अजून ओला आहे. वाळू दे.” 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं.

पण घाई त्यांना कधीच नव्हती आणि त्यामागं पक्का हिशेब होता. ‘मृत्युंजय’ 1967 ची, तेव्हा सावंत 27 वर्षांचे. हे कळलं तेव्हा लेखकराव 26 चे होते, त्यामुळं ते वर्ष जरा धावपळीचं गेलं. मग ‘स्वामी’ची चौकशी केली. 1962, देसाई चौतिशीत. हायसं वाटलं. चौतिशीत दुसरं पोरगं झालं. त्यानंतर ‘झोंबी’चा आधार सापडला, 1987, तेव्हा यादव पन्नाशीच्या पुढं होते. ते वय नेमकं महापुरात वाहून गेलं. तेव्हापासून सगळी भिस्त ‘ययाति’वर. खांडेकरांचा जन्म 1898 चा, पुस्तक 1959 चं, म्हणजे एकसष्ट पुरी. वर 1974 चं ज्ञानपीठ, मराठीतलं पहिलं. “म्हणजे सत्काराला अजून अवकाश आहे,” ते म्हणाले, “पंचाहत्तरी ओलांडल्यावर बघू.”

दरम्यान त्यांची कीर्ती वाढते आहे. न लिहिण्याचा एवढा अभ्यास केलेला माणूस दुसरा नाही, त्यामुळं शाळा-कॉलेजांत ‘कथा कशी सुचते?’ यावर त्यांना बोलवतात. ते तासभर सुंदर बोलतात. एका कॉलेजातल्या पोरीनं भाषण ऐकून त्याच रात्री आजीवर कथा लिहिली, दिवाळी अंकाला धाडली आणि ती छापून आली. लेखकराव म्हणाले, “घाई केली. मुरू द्यायला हवी होती.”

परवा करवीर नगर वाचन मंदिरातनं ते चक्क पळत घरी आले. एकसष्टी जवळ आल्यामुळं चेहरा उतरलेला असायचा, तो उजळला होता. इटलीत लाम्पेदूसा नावाचा एक सरदार घराण्यातला लेखक होऊन गेला. आयुष्यात त्यानं एकच कादंबरी लिहिली, ‘द लेपर्ड’. प्रकाशकांनी ती परत पाठवली, 1957 मध्ये तो गेला आणि 1958 मध्ये ती छापून जगभर गाजली.

“बघ,” लेखकराव वहिनींना म्हणाले, “मेल्यावरसुद्धा जमतं! आता वयाची अटच राह्यली नाही.”

वहिनी तांदूळ निवडत होत्या, आजऱ्याचाच. “अहो, पण त्यानं जायच्या आधी लिहून ठेवली होती न्हवं?”

“तपशिलात शिरू नकोस,” असं म्हणून लेखकरावांनी पायात चप्पल सरकवली. साडेपाच वाजून गेले होते.