टिकाऊ साहेब

नवी मुंबईतल्या बोनकोड्यात आज शेती पाहायची तर गच्चीवरच्या कुंड्यांत डोकवावं लागतं. १९७०च्या आधी या पट्ट्यातला आगरी शेतकरी खाडीला बांध घालून, उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, पाणी सोडत-अडवत, पावसाच्या गोड्या पाण्यावर भात काढायचा. बांध फुटला की अख्खा गाव चिखलात. पण त्याने या उद्योगाचा एकही अहवाल लिहिला नाही, त्यामुळे बहुधा तो मागास ठरला.

आता शेजारच्या काचेच्या इमारतींत अहवालांची कमी नाही. शेअर बाजाराची नियंत्रक असलेल्या सेबीने २०२२-२३पासून पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आणि निसर्गप्रेमाला एकाएकी भरती आली. ५ जूनला साहेब टोपी घालून रोप लावतात. खड्डा माळ्याने आदल्या संध्याकाळीच खणलेला असतो. फोटो निघतो. रोपाला पाणी कोणता विभाग घालणार, हे अजून ठरायचंय. मग एसीच्या गारठ्यात, अंगावर कोट चढवून, तापमानवाढीवर भाषण. शेवटी शेतकऱ्यांनी रसायनं कमी वापरावीत, असा सल्ला. सल्ला अगदी योग्य आहे. फक्त तो ऐकणाऱ्याची शेती त्याच सभागृहाखाली गेलेली असते.

ही शेती नवी मुंबईसाठी घेतली गेली. जानेवारी १९८४मध्ये तिच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनावर गोळ्या झाडल्या गेल्या, पाच जण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची भाषा सुरू झाली. उरलेल्या साडेसत्त्याऐंशी टक्क्यांवर सध्या शाश्वत विकास चालू आहे.