मास्तरांचा वरचा मजला

अहो, ऐकलंत का? चिखली रोडवरच्या मास्तरांच्या बंगल्यावरची 'विकणे आहे'ची पाटी उतरली! नाही हो, विकला कसला... वरचा मजला भाड्याने दिला. आणि देऊन जे काय झालंय ना, या जरा अशा इकडे, कुंपणाशी.

रिटायर झाल्यावरचा सगळा पैसा त्यांनी त्या घरात घातला, हे तर तुम्हाला माहीतच आहे. मुलगा पुण्यात, तो काही आता बुलडाण्याला यायचा नाही. म्हणून विकायला काढलं. गिऱ्हाईक यायचं, फरशी बघायचं, चहा प्यायचं, की गेलं ते गेलंच. ज्यांच्या गाठीला पैसा होता त्यांनी आधीच समृद्धी महामार्गाच्या नादात मेहकर, सिंदखेडराजाकडे प्लॉट घेऊन ठेवलेले. 2022 च्या डिसेंबरात रस्ता सुरू झाला, गाड्या सुसाट निघून गेल्या... आमच्या भाचेजावयांचा प्लॉट अजून गवतातच आहे, पण ते राहू द्या. तर काय सांगत होते, दलाल मास्तरांना तोंडावर म्हणाला, "सर, दहा लाखांनी उतरा." त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत म्हणे.

मग 2024 ला आपल्याकडे गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज सुरू झालं, शंभर सीट्स! "मी काय चाळवाला आहे का?" म्हणणारे मास्तर स्वतः उन्हात उभं राहून बाहेरून लोखंडी जिना बसवून घेत होते. बाई, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. कॉलेजचे दोन पोट्टे ठेवले, एकाचे वडील कोर्टात कारकून. कागद काय केला? पाचशेच्या स्टँपवर नोटरी, अकरा महिन्यांचा. बाकी सगळं तोंडी.

पहिलं लाईट बिल आलं नि ठिणगी पडली. पोट्टे म्हणतात, बिल भाड्यातच धरलंय. मास्तर म्हणतात, छे! वडील आले, शांतपणे खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सर, अकरा महिन्यांचा असला तरी करार रजिस्टर करावाच लागतो. 1999 चा भाडे नियंत्रण कायदा, कलम 55. नसला केलेला, तर भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, खोटं ठरवायचं ते मालकाने." वर आणखी, "रजिस्टर करायची जबाबदारीही मालकाचीच हं. तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही."

अहो, मास्तरांचा चेहरा! जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या त्यांनी. मास्तरीणबाई पोह्यांच्या बशा तशाच हातात धरून दारात उभ्या. पोट्टे मात्र खाली मान घालून हसत होते, असं कामवाली सांगत होती.

शेवटी वडिलांनीच मध्यस्थी केली. बिल निम्मं-निम्मं, आणि करार ऑनलाइन रजिस्टर. घरबसल्या होतो म्हणे, आधार नंबर, अंगठा, फोटो, झालं. फी शहरात हजार रुपये, वर थोडी स्टँप ड्यूटी. शिवाय असा करार असला आणि मुदत संपल्यावर भाडेकरू हललाच नाही, तर त्याला दुप्पट भाडं पडतं. हे ऐकून मास्तरांच्या जिवात जीव आला.

तुमच्या जाऊबाईंचाही खामगावचा फ्लॅट विकला जात नाही ना? भाड्याने द्या म्हणावं, रिकामा ठेवून काय भिंतींना ओल आणायची! फक्त आधी रजिस्टर करा म्हणावं. आणि मास्तरांचं नाव नका हं काढू.